वाचकांचे प्रश्न : अडल्या वेळी सरकारची मदत

घरावर अचानक संकट आले तर सरकारकडून तातडीने पैसे कुठून आणि कसे मिळतात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. नावे गाळली आहेत, मजकूर आटोपशीर केला आहे. रकमा आणि अटी महाराष्ट्रातल्या आहेत. शासन निर्णय बदलतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी चालू आकडा संबंधित टेबलावर एकदा विचारून घ्यावा.

वडिलांना (वय ५८) हृदयविकाराचा झटका आला. खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. अँजिओप्लास्टी करायची आहे, आधी दोन लाख भरा म्हणतात. रेशनकार्ड केशरी आहे. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी लगेच अर्ज करू का?
(नाशिक जिल्हा)

करा, पण तो तिसरा दरवाजा आहे. पहिले दोन न ठोठावता तिथे गेलात तर तुम्हाला परत पाठवतील. पहिल्या दोन योजनांत बसणाऱ्या रुग्णाला तो निधी सहसा मिळतच नाही.

पहिला दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो का, एवढेच विचारा. आरोग्यमित्र असेल तर रुग्णालय योजनेत आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि अँजिओप्लास्टी त्यात येते. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही, केशरी काय आणि पांढरे काय. रुग्णाचे ओळखपत्र आणि रेशनकार्ड आरोग्यमित्राकडे द्या. तो ऑनलाइन नोंद करतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागते आणि परवानगी आली की शस्त्रक्रिया बिनपैशांची होते. जीव धोक्यात असेल तर फोनवर परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. 'रेशनकार्ड गावी आहे' म्हणून कोणी अडवत असेल तर हे ठणकावून सांगा.

घोटाळा होतो तो दाखल करतानाच. घाईत नातेवाईक 'रोख' रुग्ण म्हणून नोंद करून अनामत भरतात आणि तिसऱ्या दिवशी योजनेचे नाव काढतात. तोवर बिल सुरू झालेले असते आणि रुग्णालय म्हणते, आता प्रवर्ग बदलता येत नाही. म्हणून 'योजनेतून दाखल करा' हे पहिल्या तासात, शक्यतो लेखी सांगावे. दुसरी अडचण रेशनकार्डावर रुग्णाचे नाव नसण्याची. नवी सून आणि लहान मूल यांच्या बाबतीत हे हमखास होते. त्यावर कोणता पर्यायी पुरावा चालेल, ते आरोग्यमित्राकडूनच कळते.

रुग्णालय योजनेत नसेल तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करून जवळचे योजनेतले हृदयरोग रुग्णालय विचारा. मात्र रुग्णाला हलवायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. पैशांपायी अर्ध्या वाटेत घात होऊ नये.

दुसरा दरवाजा धर्मादाय रुग्णालयाचा. रुग्णालय एखाद्या न्यासाचे म्हणजे ट्रस्टचे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. वैद्यकीय समाजसेवकाला गाठा आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवा. खर्च रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून होतो, सरकारी तिजोरीतून नाही. म्हणूनच टाळाटाळ होते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणे या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दाद जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात मागायची.

आता तिसरा दरवाजा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवे, आजार ठरलेल्या यादीतला हवा आणि रुग्णालय निधीच्या यादीवर नोंदलेले हवे. अर्जाला जोडायचे ते असे : उपचाराच्या खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी रुग्णालयाचे असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), चालू आर्थिक वर्षाचा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णाचे आधारकार्ड, रेशनकार्ड, तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचा ठिकाणाची नोंद असलेला फोटो. अपघात असेल तर पोलिसांचा जबाब किंवा एमएलसी (रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून केलेली नोंद), अवयव प्रत्यारोपण असेल तर प्रतीक्षायादीतली नोंदणी. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षातही घेतात, मुंबईला जायची गरज नाही. रक्कम आजारानुसार ठरते आणि ती पूर्ण खर्चाची नसते, हे मनात धरून उरलेल्याची सोय करा.

अंदाजपत्रक आणि बिल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या निधीचा पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो, तुमच्या नाही. बिल भरून, रुग्णाला घरी नेऊन मग अर्ज करणे म्हणजे वरातीमागून घोडे, कारण झालेल्या खर्चाची भरपाई तिथे होत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीचा पैसाही रुग्णालयालाच जातो. तेव्हा उसनवारी करून पैसे भरण्याआधी हे तिन्ही दरवाजे त्याच दिवशी ठोठवा. घरातला एक जण रुग्णाजवळ थांबावा, दुसऱ्याने तहसील गाठावे.

गवंडीकाम करणारा माझा मावसभाऊ (३९) झोपेतच गेला. पत्नी आणि दोन लहान मुले मागे आहेत. तिला लगेच काय मिळू शकेल? 'विधवा पेन्शन' सोडून कोणाला काही माहीत नाही.
(लातूर जिल्हा)

बरेच आहे, पण एका खिडकीवर नाही. आम्ही ज्या क्रमाने हुडकू तो क्रम सांगतो.

आधी त्याचे बँक पासबुक बघा. गेल्या मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये वळते झालेत का? झाले असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत होता आणि वारसाला दोन लाख मिळतात. मृत्यूचे कारण काहीही असो. वर्षाच्या मधेच नाव घातले असेल तर हप्ता ३४२, २२८ किंवा ११४ रुपये दिसेल, तोही तोच विमा. मात्र नाव नव्याने घातल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू आला तर दावा बसत नाही. दाव्याचा अर्ज त्याच बँकेच्या शाखेत मिळतो आणि तो मृत्यूनंतर ३० दिवसांत द्यावा. २० रुपयांची नोंद दिसली तर ती सुरक्षा विमा योजना, ती फक्त अपघातासाठी. झोपेतल्या मृत्यूला तिचा उपयोग नाही. त्या टेबलावर वेळ घालवू नका.

मग त्याचे बांधकाम कामगाराचे कार्ड. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी जिवंत असेल तर नैसर्गिक मृत्यूला वारसाला दोन लाख आणि पत्नीला वर्षाला २४ हजार पाच वर्षांपर्यंत मिळतात. 'जिवंत' हा शब्द मुद्दाम वापरला. नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि बहुतेकांचे दावे नेमके त्यावरच पडतात. कार्ड सापडले की आधी त्यावरची तारीख बघा.

तिसरे, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा मुख्य कमावता माणूस गेला तर एकरकमी २० हजार रुपये. मृत्यू नैसर्गिक असो वा अपघाती. अर्ज तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत. मृत्यूचा दाखला, मृताच्या वयाचा पुरावा, पत्नीचे आधार आणि बँक पासबुक लागते. इथे अर्ज अडतो तो 'दारिद्र्यरेषा' या शब्दावर. पिवळे रेशनकार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, असे नेहमी असत नाही. कार्यालयाला यादीतला क्रमांक हवा असतो. ग्रामपंचायतीतून तो क्रमांक असलेला दाखला आधी काढा, नाहीतर अर्ज महिनाभर टेबलावर पडून मग परत येईल.

आणि शेवटी तुम्हाला ठाऊक असलेली योजना, म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान. दरमहा १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य ही अट आहे. ही मदत समितीच्या बैठकीत मंजूर होते, म्हणून पहिल्या आठवड्याचे पैसे म्हणून तिच्याकडे बघू नका. तिला लाडकी बहीण योजनेचे पैसे येत असतील तर एक ध्यानात घ्या : दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त घेणारी स्त्री त्या योजनेत बसत नाही. दोन्ही अर्ज रेटले तर पुढे वसुलीची नोटीस येऊ शकते.

या चारही ठिकाणी मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, ती विनाशुल्क असते. दाखल्याच्या किमान सहा प्रती घ्या. नाव आधारवर 'बाळू' आणि पासबुकात 'बाळासाहेब' असेल तर नोंद करतानाच आधारप्रमाणे नाव घाला. मागून दुरुस्ती करायला चपला झिजतात.

अतिवृष्टीत घराची मागची भिंत कोसळली. दोन दिवस तलाठी आले नाहीत, पाऊस आत येत होता म्हणून आम्ही माती उचलून पत्रे ठोकले. आता ते म्हणतात, नुकसान दिसत नाही. काय करावे?
(कोल्हापूर जिल्हा)

माती उचलली हे चुकले असे कसे म्हणायचे? पण सरकारी पैसा पंचनाम्यात जे लिहिले जाते त्यावरच मिळतो, पडलेल्या भिंतीवर नाही. अजून वेळ गेलेली नाही. उचलण्यापूर्वी मोबाइलवर काढलेले फोटो असतील तर ते काढा. फोटोच्या तपशिलात तारीख-वेळ असते. पडलेल्या विटा-माती अजून आवारात असेल तर तशीच राहू द्या. दोन शेजाऱ्यांचे लेखी जबाब आणि ग्रामपंचायतीचे पत्र जोडून तहसीलदारांकडे 'पंचनामा व्हावा' असा अर्ज द्या आणि त्याची पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज दिला काय नि न दिला काय.

मिळते किती, याची कल्पना आधीच असलेली बरी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांप्रमाणे, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. घर वाहून गेले किंवा पूर्ण पडले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. राज्य सरकार मोठ्या आपत्तीत वेगळा निर्णय काढून हे दर वाढवतेही, त्यामुळे तुमच्या घटनेसाठी कोणता निर्णय लागू आहे ते विचारा.

'अंशतः' आणि 'पूर्णतः' या दोन शब्दांमध्ये लाखभर रुपयांचे अंतर आहे, हे यावरून दिसेल. एक भिंत पडली पण त्यामुळे आढे खाली आले आणि घर राहण्याजोगे उरले नाही, तर पंचनाम्यात तसे स्पष्ट लिहून घ्या. गरज वाटली तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणीची मागणी करा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. सही करण्यापूर्वी त्याचाही फोटो काढा.

आणखी दोन ठिकाणी दावा अडतो. एक, घर तुमच्या नावावर आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा जोडा. अतिक्रमणातले घर अधिकृत बांधकामाच्या अटीत बसत नाही. दोन, अतिवृष्टीची व्याख्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. तुमच्या वाडीत ढगफुटी झाली आणि मंडळाच्या पर्जन्यमापकात ४० मिलिमीटर भरला, तर अडचण येते. अशा वेळी ओढ्याला पूर आला होता, वारा-वादळ होते, हे पंचनाम्यात आले पाहिजे.

जनावर दगावले असेल तर ते पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० असे दर आहेत. खड्डा बुजवल्यानंतर हे पैसे जवळपास विसरायचे.

वडील शेतात साप चावून गेले. आज २३ वा दिवस. व्हिसेराचा (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा) अहवाल आलेला नाही. तो येईपर्यंत अर्ज थांबवावा का? सातबारा वडिलांच्या नावावर आहे.
(यवतमाळ जिल्हा)

थांबवू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. तुमच्याकडे आठवडा आहे. आहे त्या कागदांनिशी अर्ज द्या, 'रासायनिक विश्लेषण अहवाल प्रलंबित, आल्यावर सादर करू' असे त्यात लिहा आणि पोहोच घ्या. मुदत पाळल्याचा पुरावा ती पोहोचच.

आता जोडायचे कागद : सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा (वय १० ते ७५ मध्ये हवे), पोलिसांची खबर, घटनास्थळ आणि मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाव नमुना ६-क प्रमाणे वारसांची नोंद. सर्पदंशात माणूस दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला आणि शवविच्छेदन झालेच नाही, असे खेड्यात वारंवार घडते. त्या प्रसंगी अहवालातून सूट मिळते, पण वैद्यकीय अधिकाऱ्याचे सहीचे प्रमाणपत्र लागते.

अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा हे तुम्ही विचारले नाही, पण सांगणे भाग आहे. या योजनेत वारसांचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात मृताची पत्नी पहिली. आई हयात असतील तर अर्ज त्यांच्या नावे, पैसेही त्यांच्या खात्यात. मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज केला की तो परत येतो आणि तुमचे उरलेले सात दिवस त्यातच जातात.

रक्कम दोन लाख. ती या योजनेत अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव निकामी झाल्यास मिळते; एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. सातबाऱ्यावर नाव नसलेला कुटुंबातला एक सदस्यही यात धरला जातो, हे बऱ्याच घरांना ठाऊक नसते. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या आणि नशेत झालेला अपघात यांना ती मिळत नाही.

याच पावसाळ्यात वीज पडून मृत्यू झाला असता तर प्रकरण तहसीलदाराकडे गेले असते आणि आपत्ती निधीच्या निकषाने चार लाख मिळाले असते. घटना कोणती, यावर टेबल बदलते.

मुलाच्या दुचाकीला रात्री टेम्पोने ठोकरले आणि तो पळून गेला. मांडीचे हाड मोडले. १२ दिवस रुग्णालयात होता. गाडीचा नंबर नाही, मग भरपाई कोणाकडून?
(सोलापूर जिल्हा)

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली केंद्राची 'हिट अँड रन' भरपाई योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच, त्यामुळे तुमचा मुलगा यात बसतो.

नमुना १ मधला अर्ज तुमच्या भागाच्या प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे द्या. या योजनेत ते 'दावा चौकशी अधिकारी' असतात. सोबत गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, दुखापतीचा वैद्यकीय अहवाल, रुग्णालयाची बिले, ओळखपत्र, पासबुकाची प्रत. अधिकाऱ्याने महिनाभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढे १५ दिवसांत विमा परिषदेने पैसे खात्यात भरायचे, असे वेळापत्रक नियमातच आहे. महिन्याभरात वाहन सापडले नाही तर पोलिसांनीच जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले आहे. तुमच्या ठाण्यातून असे पत्र आले नसेल तर स्वतः मागा.

फिर्यादीत 'अनोळखी वाहनाने' हे शब्द आहेत ना, तेवढे बघा. 'गाडी घसरून पडला' असे कोणी घाईत लिहून दिले असेल तर दावा तिथेच संपतो. रुग्णालयातला जबाबही तसाच हवा. पुढे टेम्पो सापडला आणि अपघात न्यायाधिकरणाने भरपाई दिली तर हे ५० हजार त्यातून वळते होतात.

इतर वाचकांसाठी : ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या कोणत्याही जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयात मिळतात. वाहन सापडो वा न सापडो. दाखल करतानाच मागायची ही सोय आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती वेळ टळली.

कारखाना बंद पडला. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापत होते. तीन महिने निघतील असे काही मिळेल का?
(पुणे जिल्हा)

ईएसआयकडे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी दैनंदिन वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. ती मुदतवाढीवर चालत आली आहे. म्हणून शाखा कार्यालयात आज चालू आहे का आणि हप्ते भरलेल्या दिवसांची अट काय, हे आधी विचारा. गैरवर्तनाने काढलेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगाराला ती लागू नाही. त्यामुळे हिशेब मिटवताना मालकाने पुढे केलेल्या स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. थोड्या जादा रकमेच्या बदल्यात मागितलेली ती सही इथे महागात पडते. मालकाने कापलेला हप्ता भरलाच नसेल तर तेही ईएसआयच्या नोंदीत आत्ताच कळेल. पगारपत्रके जपून ठेवा, तक्रारीत तोच पुरावा.

पीएफमधून बेकारीत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. सगळी काढू नका. त्याच खात्यावर पुढे सेवेची वर्षे मोजली जातात.

घरकुल पडल्याची मदत मंजूर झाली, यादीत नाव आहे, शेजाऱ्यांना पैसे आले, आम्हाला नाहीत. एक जण म्हणतो दहा टक्के द्या, आठ दिवसांत आणतो.
(रायगड जिल्हा)

दहा टक्के देऊ नका. तो माणूस बहुधा तेच करील जे तुम्ही स्वतः बँकेत करू शकता. मंजूर रक्कम अडकण्याची कारणे ठरलेली आहेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि आधार दोन-तीन बँकांत दिले असेल तर ज्या बँकेत सगळ्यात शेवटी जोडले गेले तिथे. अर्जात दिलेल्या खात्यात शोधत बसलात तर सापडणार नाहीत. बँकेत जाऊन 'थेट लाभासाठी माझे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे' असे विचारा. जुने, विसरलेले खाते निघण्याची शक्यता मोठी आहे.

ते खाते दोन वर्षे वापरात नसेल तर निष्क्रिय झालेले असते. केवायसी पुन्हा दिल्याशिवाय ते चालू होत नाही. आणि कागदपत्रांशिवाय उघडलेले 'छोटे खाते' असेल तर त्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. एक लाख वीस हजारांची मदत अशा खात्यातून परत जाते आणि तहसीलच्या नोंदीत 'व्यवहार अयशस्वी' एवढेच दिसते. केवायसी पूर्ण करून खाते नेहमीचे करून घ्या. मग तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत पासबुकाची प्रत आणि अर्ज देऊन रक्कम पुन्हा पाठवण्याची मागणी करा.

त्या मध्यस्थाने कार्यालयातल्या कोणाचे नाव घेऊन पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्यापूर्वी फोन करा. दिल्यानंतर सापळा लावता येत नाही.